घरच्या बैलाचं मोल

होळी पहाटे पेटली आणि उजाडता उजाडता विझली, पण पारुबाईच्या डोळ्यांतली झोप काही जाईना. तांड्याची होळी पहाटेची. तिच्यासाठी बायका रात्रभर गातात, नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळा तांडा डुलक्या घेत कामाला लागतो. ऊन वर आलं होतं. दारातल्या पळसाखाली केशरी सडा पडला होता. पारुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि थापता थापता मधूनच कुठंतरी निघून जात होती. एकदा तिला दिसलं, की माळावरून बैलांची लांबच लांब रांग चालली आहे, प्रत्येकाच्या पाठीवर दोन बाजूंना गोण्या आहेत आणि गोण्यांच्या शिवणीतून ऊन सांडतं आहे. खाली सांडलेलं ऊन वेचायला ती वाकली, तोच भाकरी करपल्याचा वास आला. बैल गेले.

जागरणाचा दोष होळीला देणं सोपं होतं. खरं म्हणजे तिला आदल्या दिवशीच्या भेटीनं झोपू दिलं नव्हतं.

तांड्यातल्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की नुसतं बरी हाईस का म्हणून थांबत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. मधल्या महिन्यांत जे जे घडलं ते सगळं त्या सुरातून येतं. कोण आजारी पडलं, कुणी टोचून बोललं, कुणाची गाय आटली. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, घरात कुणी गेलं की काय. रडून झालं की दोघी डोळे पुसतात आणि चहाला बसतात. एकच दंडक असतो. सुरात आलेलं ऐकून घ्यायचं. मागाहून त्यावर काही विचारायचं नाही, आणि तिसऱ्याच्या कानी घालायचं तर नाहीच. म्हणून तर बायका तिथं मोकळ्या होतात.

पारुबाईची सून संगिता औंढ्यात शाळा शिकलेली. तिला हा सूर धरता येत नाही म्हणून जावा-नणंदा लग्नापासून तिला चिडवत आल्या होत्या. ती आणि तिचा नवरा रणजीत तान्ह्या पोराला घेऊन होळीसाठी कनेरगाव नाक्यावर बसमधून उतरले, तांड्यावर आले, आणि संगितानं सासूला याडी, म्हणजे आई, म्हणत तिच्या गळ्यात पडून असा सूर धरला की पारुबाईच्या अंगावर काटा आला. याडी, तिथं वाळत घातलेल्या झबल्यावर राख बसते. याडी, तुझा लेक रात्री आडवा होत नाही, भिंतीला पाठ लावून बसून राहतो. दसऱ्याला डॉक्टरानं सांगितलं, याडी, छातीत कोळशाची धूळ बसलीय, ती निघायची नाही, काम सोडलं तर वाढायची तेवढी थांबेल. तुझ्या लेकानं लेकराच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घातली, याडी, की कुणाला सांगायचं नाही.

तर संगितानं कुणाला सांगितलं नव्हतं. ती फक्त रडली होती.

चहा गाळताना पारुबाईनं एवढंच विचारलं, "साखर बराबर हाय का?"

"बराबर हाय, याडी," संगिता म्हणाली.

रणजीतनं मात्र आईला भेटू दिलं नव्हतं. लेकाच्याही गळ्यात पडण्याची रीत आहे. तो पायावर हात टेकवून लगेच विहिरीवरची मोटार बघायला गेला. आता पारुबाईला कळत होतं काहून गेला ते. छातीला कान लागू द्यायचा नव्हता त्याला. उद्या सकाळच्या बसनं तो पुन्हा कामावर, कोळशाच्या वीजकेंद्राच्या गावी जाणार होता. घरचे त्या गावाला चिमणीचं गाव म्हणत. पारुबाईनं पहाटे होळीला नारळ वाहताना देवाजवळ एकच मागितलं होतं: ही बस चुकू दे.

देवावर सगळं सोपवण्याइतकी भोळी मात्र ती नव्हती.

*

जेवणं झाल्यावर घरातली मंडळी पळसाखाली बसली. म्हातारा नेमसिंग, पारुबाईचा सासरा, ज्याला नातवंडं दादा म्हणत, बाजेवर उशी मानेखाली घेऊन पडला होता. तो ऐकत आहे की झोपला आहे हे गेली दोन वर्षं कुणालाच ठरवता आलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याला त्यातच मजा वाटत असे. धाकटा मुलगा रामप्रसाद आणि त्याची लेक पुजा एका बाजूला बसले, रणजीत दुसऱ्या बाजूला. थोरला मुलगा, म्हणजे पारुबाईचा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली होती; त्याचा वाटा आता पारुबाईच्या आणि रणजीतच्या नावावर होता.

प्रश्न माळाचा होता. रस्त्याच्या कडेचा तो मुरमाड तुकडा. कुसळापलीकडं त्यानं कधी काही दिलं नव्हतं. पण शेजारी विजेचं उपकेंद्र झालं, आणि तिथं सौरपट्ट्या बसवायला एक कंपनी तीस वर्षांसाठी जमीन भाड्यानं मागत होती. पुजा डिप्लोमा करून हिंगोलीत अशाच कामावर होती; निरोप तिनंच आणला होता. नेमसिंग, रामप्रसाद, पारुबाई आणि रणजीत, चौघांचा होकार हवा होता. रणजीत नाही म्हणत होता. पारुबाईला मात्र दिसत होतं, की भाडं सुरू झालं तर लेकाला पोटासाठी बाहेर जावं लागणार नाही.

पारुबाईनं चहाचा पहिला कप उचलला आणि रामप्रसादपुढं धरला.

सगळे तिच्याकडं बघू लागले. विहिरीच्या पाळीवरून या दोन घरांत तीन दिवाळ्या बोलणं नव्हतं. रामप्रसादनं कप घेतला, पण त्यात काही पडलंय का बघावं तसा तो आत बघत राहिला.

"याडी," रणजीत हसून म्हणाला, "तू काकाकडून झालीस व्हय?"

"चहा द्यायला वकील लागतो का?" पारुबाई म्हणाली. "पुजे, सांग बाई तुझं."

पुजानं ओढणी सावरली. आजोबांशी बोलतेय की चुलतभावाशी, हे न ठरवता ती मधोमध बघून बोलू लागली. "सोपं हाय, दादा. पट्ट्या बसल्या की आपल्या लाइनीवरच्या सगळ्या मोटारींना दिवसा लाइट. ऊन इकत घ्यावं लागत न्हाई. एक युनिट तीन-सव्वातीन रुपयात पडतं. रणजीतभाऊच्या तिथलं युनिट तारेवरून इथवर येईस्तोवर सहाच्या घरात जातं."

"सहा कोण म्हणतं?" रणजीत मांडी बदलून सरसावला. "आमचा वीज काढायचा संच जुना हाय. त्याचं कर्ज कवाच फिटलं. आता खर्च म्हणजे निसता कोळसा. नव्या संचाचा भाव काढून माझ्या बोकांडी मारू नको."

"आन तो कोळसा काय शेजारच्या वावरात उगवतो का? खाणीतून निघून तुमच्या दारी येईस्तोवर त्याचं भाडंच किती होतं. काही ठिकाणी निम्मा पैसा रेल्वेलाच जातो."

"बरं, जातो. पर मला सांग, सांजच्याला सात वाजता समदा महाराष्ट्र दिवे लावतो, टीव्ही लावतो, तवा तुझ्या पट्ट्या काय करून राहतात? झोपतात. जागं कोण असतं? आमी."

"त्यासाठी बॅटऱ्या हाईत. त्या स्वस्त होऊन राहिल्या."

"होऊन राहिल्या म्हणजे झाल्या न्हाई. त्या हिशोबात धर, आन मग सांग तुझं सव्वातीन कुठं जातं."

पुजा खोटं बोलणारी पोरगी नव्हती, आणि या घरात तेवढं एक वैगुण्य चालायचं. "पाचाच्या आसपास जाईल," ती म्हणाली. "तरी नव्या संचातल्या कोळशाच्या युनिटाहून कमीच राहील. दर साली उतरूनच राहिलंय ते. तुमचं कोळशाचं कवा उतरलंय, भाऊ?"

रामप्रसाद गालात हसला. रणजीतही हसला. त्याला चुलतबहिणीचं कौतुक वाटत होतं, हे पारुबाईला दिसलं. हसता हसता त्याला ठसका आला. त्यानं तोंड फिरवून तो हळूच दाबला, पाहुण्यांत ढेकर दाबावा तसा. पारुबाईनं संगिताकडं पाहिलं नाही. संगिता पोराच्या अंगावरच्या माशा वारत बसली होती आणि तिचा पदर एका जागी थांबला होता.

"आता माझं एक ऐक, पुजे," रणजीत म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तुझ्या उनाच्या वावराला माणसं किती लागतेत?"

"दोन राखणदार. पट्ट्या पुसायला महिन्यातून कवातरी चार बाया."

"बस्स. आमच्या तिथं तांड्यातली सात पोरं एकट्या माझ्या हाताखाली हाईत. दिवाळीला त्यातली दोन म्या सोता नेली. ऊन स्वस्त झालं की आधी कुणाला काढतेत, साहेबाला का? या पोरांना. स्वस्त विजेनं त्यांच्या घरची चूल पेटंल का?"

पुजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. पारुबाईला लेकाचा अभिमान वाटला, त्याच क्षणी रागही आला. सात घरांची काळजी वाहायची आणि स्वतः रात्री भिंतीला टेकून बसायचं, हे कुणी शिकवलं याला? तिला ओरडून विचारावंसं वाटलं. पण सुरातलं बाहेर काढायचं नसतं. तिनं घोट गिळावा तसा प्रश्न गिळला.

वाऱ्याची झुळूक आली. पळसाची दोन फुलं बाजेवर पडली आणि त्यातलं एक म्हाताऱ्याच्या पोटावर राहिलं.

"रणजीत," नेमसिंग डोळे मिटूनच म्हणाला.

सगळे दचकले. म्हातारा जागा होता तर.

"जी, दादा."

"तुझ्या कोळशाचा खर्च मला सांग बरं. खाणीतून गोणी भरली तिथून धर. आपल्याकडं लदेणीचा हिशोब करायचे तसा. पुजाचं ऐकलं म्या, तिचं थोडकं हाय. तुझं मोठं दिसतं."

लदेणी म्हणजे बैलांवर माल लादून मुलुखभर फिरणं. त्यावर या घराचे पूर्वज जगले. नेमसिंगनं स्वतः लदेणी पाहिलेली नव्हती; त्याच्या आज्यानं पाहिली होती. पण तो बोलायचा असं, की जणू आत्ताच बैल सोडून आला आहे.

रणजीत खुलला. कामाबद्दल कुणी विचारलं की तो खुलायचाच. "ऐका. आधी कोळशाचं मोल. मग वाघिणी भरल्या, रेल्वेचं भाडं. त्या आमच्या तिथं आल्या की एक मशीन आख्खी वाघीण उचलून उलटी करतं, दादा, आपण पाटी उलटी करतो तशी. मग पट्टा. कोस-दीड कोस लांब पट्टा, त्यावरून कोळसा नदीवाणी वाहतो." त्याचे डोळे चमकत होते. नेमसिंग बोटांची पेरं मोजत होता. "मग त्याचं पीठ करायचं. मग पाणी, ढीगभर पाणी. तेल. राख उचलायला टरका. साहेब लोकांचा पगार. मजुरी."

"झालं?"

"झालं, दादा."

"आन तू?"

"म्या काय?"

"तुझा खर्च कुठं धरला?"

"माझा कशाला धरायचा? मजुरी धरली की." रणजीत हसला. "म्या तर घरचाच."

 नेमसिंगनं पोटावरचं फूल उचललं आणि उशीशेजारी ठेवलं. मग तो हळूहळू, अर्ध्या झोपेतल्यासारखा सांगू लागला, आणि ऐकणाऱ्यांनाही अर्धी झोप लागल्यासारखं झालं.

"पेमा नाईक ठावं हाय ना तुमाला. माझ्या आज्याचा बाप. शंभर बैलांचा धनी. मीठ आणायचा समिंदराकडून. पुढचा बैल असा, की त्याच्या शिंगांना कवड्या, गळ्यात घागरमाळ, आन तो चालला की मागचे नव्व्याण्णव त्याच्या आवाजानं चालायचे. मग आगगाडी आली. कोळसा खाणारी. बाजारातले शेठ म्हणले, पेमा, आता गाडीचं भाडं तुझ्याहून कमी हाय. दुसऱ्या नायकांनी बैल इकले. कुणी शेती धरली, कुणी लाकडं तोडली. पेमा म्हणला, म्या गाडीहून कमी घेईन."

"गाडीहून कमी?" पुजानं विचारलं.

"व्हय. बसला हिशोबाला. मिठाचं मोल धरलं. नाक्यावरची पट्टी धरली. दोर, गोण्या, माणसांची भाकर, समदं धरलं. भाव गाडीहून कमी आला. लोक म्हणले, नाईक, बैलाचं काय? पेमा म्हणला, बैलाचं काय धरायचं, बैल तर घरचा."

 पारुबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"पैल्या साली गेला, आला. दुसऱ्या साली भाव अजून उतरवला. चारणीला थांबायला येळ न्हाई, म्हणून बैल उपाशी चालले. पाठीला जखमा, त्यावर गोण्या. एक बैल बसला, दुसरा बसला. पेमा रडायचा त्यांच्यासाठी, असं न्हाई की रडायचा न्हाई. लेकरावाणी जीव त्याचा बैलांवर. पर हिशोबात कवा घेतलं न्हाई. घरच्याला कोण मोजतं? शेवटच्या खेपेला कवड्यावाला बैल या आपल्या माळावर बसला. उठलाच न्हाई. पेमानं त्याच्या गोण्या काढून सोताच्या पाठीवर घेतल्या, चार पावलं चालला आन खाली टाकल्या. म्हणून आपण इथं हाव. हा तांडा काय कुणी जागा बघून वसवला न्हाई. इथवरच बैल पुरले."

म्हातारा थांबला. "गाडीनं बैल मारले असं आपल्यात म्हणतेत," तो म्हणाला. "गाडीनं न्हाई मारले. हिशोबानं मारले." आणि त्यानं कूस बदलली. या खेपेला तो खरंच झोपला असावा.

रणजीत मातीत काडीनं रेघा ओढत होता. ठसका पुन्हा वर येत होता आणि रणजीत तो दाबत होता. त्याचे खांदे हलत होते. शेवटी तो उठला, कुणाकडं न बघता माळाच्या दिशेनं चालू लागला. संगिता उठायला गेली, तशी पारुबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली.

*

दुपार अशी सुस्तावली की तांडा पाण्यात बुडाल्यासारखा झाला. कोंबड्यासुद्धा भिंतीच्या सावलीत डोळे मिटून होत्या. पारुबाई उंबऱ्याला डोकं टेकून बसली आणि पुन्हा तिच्या पापण्यांमागं माळ आला. माळावर निळ्या काचा पसरल्या होत्या, त्यांच्यात आभाळ पडलं होतं, आणि त्या आभाळातून तिचा नवरा अनवाणी चालत होता. त्याच्या पाठीवर काहीच ओझं नव्हतं. तो म्हणाला, पारू, पोरगं घरी आलं का? ती म्हणाली, यायलंय. इतकं सुख तिला कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

डोळे उघडले तर रणजीत समोर उभा होता, उन्हानं लाल झालेला.

"याडी, तुला कुणी सांगितलं?"

"कशाचं?"

"तुला ठावं हाय कशाचं."

"म्या तुला काही इचारलं का?" पारुबाई म्हणाली. "आल्यापासून एक सवाल तरी केला का?"

रणजीतनं आत, संगिताच्या बाजूला पाहिलं. मग त्याला बायकांची रीत आठवली असावी, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठं जावं ते न कळल्यासारखा झाला आणि निघून गेला. तो आईशेजारी उंबऱ्यावर बसला. खाली बघत म्हणाला, "काकाला सांग, माळाला माझी हरकत न्हाई. आन उद्याची बस..." त्यानं हात झटकला. "न्हाई जात."

पारुबाईनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तो आला. त्याच्या छातीतली घरघर तिला ऐकू आली, आणि ती ऐकूनही ती सुखी झाली, कारण आता ती घरघर तिच्या घरात राहणार होती.

मोबाईलची रेंज तांड्यात फक्त जनावरांच्या हौदापाशी येते. रणजीतनं तिथं उभं राहून मुकादमाला फोन लावला. आवाज नीट येत नव्हता म्हणून स्पीकर सुरू केला. पारुबाईला वाटलं होतं, मुकादम ओरडेल, विनवण्या करील. इतकी वर्षं पोरानं रात्रीचा दिवस केला होता. फोनमधला माणूस आधी कुणाशी तरी चहाबद्दल बोलला, मग म्हणाला, "छोड़ रहा है? ठीक है भाई. तेरे गाँव का दूसरा कोई हो तो भेज दे. वही रेट."

"बघतो," रणजीत म्हणाला. फोन बंद झाला. तो तिथंच हौदातल्या पाण्याकडं बघत राहिला. मग घरात आला, भिंतीला पाठ लावून बसला आणि बसल्या बसल्या झोपी गेला. संगितानं त्याच्या पाठीमागं उशी सारली.

*

दिवेलागणीला शेजारची भिकाबाई आली. पारुबाईची आणि तिची मैत्री लग्नापासूनची. दोघी एकाच साली या तांड्यात सून म्हणून आल्या, एकाच पाणवठ्यावर भांडल्या आणि एकाच पाणवठ्यावर समेटल्या. तिच्या ओच्यात गूळ होता आणि तोंड फुललं होतं.

"तोंड उघड आधी," ती म्हणाली आणि तिनं पारुबाईच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "हौदावरचं बोलणं आमच्या पोरानं, भावसिंगनं ऐकलं. त्यानं लगोलग मुकादमाला फोन लावला. ये म्हणाला तो. रणजीतच्या जागी घेतलं बघ. उद्याच्याच बसनं जाऊन राहिलाय. तुमच्या घरचं पुण्य गं बाई."

गूळ तोंडात विरघळत होता. पारुबाईला पहिल्यांदा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: तिला बरं वाटलं. जागा भरली. आता मुकादम रणजीतला पुन्हा बोलावणार नाही. सात पोरांवर मुकादमाचा राग निघणार नाही. सगळं कसं आपोआप जुळून आलं. अंगणात पळसाखाली अजून उजेड रेंगाळत होता आणि तिला वाटलं, दिवस असाच संपावा.

"लुगडं घेणार हाय म्या पैल्या पगाराला," भिकाबाई सांगत होती. "भावसिंगची पिशवीबी भरली. तिथं थंडी असती का गं? बाकी काही तकलीफ न्हाई ना तिथं?"

न्हाई, असं म्हणणं किती सोपं होतं. एक मान हलवायची. सुरात ऐकलेलं बाहेर काढायचं नसतं. दंडकही तिच्याच बाजूनं होता. पारुबाईनं मान हलवायला घेतली आणि तिला भावसिंग दिसला, तिकडच्या अंगणात नवा सदरा घालून पिशवीचा बंद ओढून बघणारा. वीस-बावीसचं पोरगं. लहानपणी हगवण लागली तेव्हा पारुबाईनंच त्याला मांडीवर घेऊन रात्र काढली होती. तिच्या तोंडातली गोडी गेली.

"बस, भिके," ती म्हणाली.

"बसायला येळ कुठाय? दशम्या करायच्यात त्याच्या."

"बस."

भिकाबाई बसली. पारुबाईचा चेहरा बघून तिनं सवयीनं हात पुढं केले, गळ्यात घ्यायला. पारुबाईनं ते हात धरले आणि खाली आणले.

"रडून सांगत न्हाई," ती म्हणाली. "रडून सांगितलं की तुला इचारता येत न्हाई. साधं सांगते. तुला जे इचारायचं ते इचार."

आणि तिनं साधं सांगितलं. झबल्यावरची राख, भिंतीला टेकून काढलेल्या रात्री, निघत नाही ती धूळ, डॉक्टर काय म्हणाला आणि कधी म्हणाला. संगिता आतून ऐकत होती. तिनं लेकरू छातीशी धरलं, पण ती बाहेर आली नाही. पारुबाईचा आवाज एकदाही हलला नाही. इतकं कोरडं बोलणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. सांगून झालं तेव्हा अंगणातला उजेड गेला होता.

भिकाबाईनं ओच्यातला उरलेला गूळ बाजूला ठेवला. तिनं आपल्या घराकडं पाहिलं, जिथं तव्यावर दशमी टाकल्याचा वास येत होता. थोरल्या सुनेनं सुरुवात केली होती. मग तिनं पारुबाईकडं तोंड वळवलं.

"दसऱ्याला डॉक्टर बोलला म्हणतीस," ती म्हणाली. "दिवाळीला रणजीतनं तांड्यातली अजून दोन पोरं नेली. तवा त्याला ठावं व्हतं?"

पारुबाईनं दारातून आत पाहिलं. लेक भिंतीला टेकून झोपला होता, तोंड अर्धवट उघडं ठेवून, लहानपणी झोपायचा तसा.

"व्हय," ती म्हणाली. "ठावं व्हतं."